स्पिटफायरमध्ये जिप्सीचं इंजिन: पहिल्या मापापासून जानापावच्या चढापर्यंत

ट्रायम्फ स्पिटफायर ही दोन सीटांची ब्रिटिश स्पोर्ट्स कार १९६२ साली आली तेव्हा तिच्या पोटात ११४७ सीसीचं, ६३ हॉर्सपॉवरचं बिडाचं इंजिन होतं. तिचा चॅसिस हेरल्डच्याच घराण्यातला, आणि हेरल्ड आपल्याकडे मद्रासच्या स्टँडर्ड मोटरने बनवली. त्यामुळे इथे लिहिलेलं बरंचसं हेरल्डवर काम करणाऱ्यालाही लागू पडेल. मूळ इंजिन धड असेल तर ते काढूच नये, हे आधी स्पष्ट सांगतो. क्रँक गेला आहे, ब्लॉकला तडा आहे, किंवा गाडी मुळातच इंजिनाशिवाय हाती आली आहे, अशा वेळी आधुनिक इंजिन, इथे मारुती जिप्सीचं, बसवण्यात अर्थ आहे. आणि काम असं करावं की उद्या कुणाला मूळ इंजिन परत बसवायचं झालं तर चॅसिस न कापता बसवता यावं.

आधी कागद

पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी आणि 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो. पण त्यासाठी गाडी मूळ रूपात लागते. चॅसिस, बॉडी शेल आणि इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. म्हणजे इंजिन बदललं की व्हिंटेज नोंदणीची आशा सोडावी लागते. साध्या नोंदणीवरच्या गाडीला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागू होतं. जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत असं म्हटलं आहे. म्हणून आरटीओकडे आधी लेखी अर्ज, त्यावर लेखी उत्तर, आणि मगच खर्च. दुसऱ्या मेकच्या इंजिनाला परवानगी मिळेलच असं धरून चालू नये. ती मिळाली नाही तर अशी गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. मिळाली तर नवा इंजिन नंबर आरसीवर चढवून घ्यावा आणि विमा कंपनीला कळवावं. नाहीतर अपघातानंतरचा दावा तिथेच अडतो.

जिप्सीच का

स्पिटफायरला इंजिन लांबीत बसवलेलं हवं आणि मागची चाकं फिरवणारा गिअरबॉक्स हवा. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांची इंजिनं आडवी असतात, त्यामुळे ती बाद. जिप्सीचं एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनचं) इंजिन, म्हणजे जी१३बीबी, १२९८ सीसीचं, सोळा व्हॉल्व्हचं, ८० हॉर्सपॉवर आणि १०३ न्यूटन-मीटर टॉर्कचं. ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा, म्हणून मूळ इंजिनापेक्षा हलका. मोठी सोय अशी की जिप्सीचा ट्रान्सफर केस (चारही चाकांना ताकद वाटणारी पेटी) गिअरबॉक्सला चिकटलेला नाही. मध्ये एक आखूड शाफ्ट आहे. तो शाफ्ट आणि ट्रान्सफर केस बाजूला ठेवले की हातात सरळसाधा पाच गिअरचा मागच्या चाकांचा गिअरबॉक्स उरतो.

गिअरचं गणितही जुळतं. जिप्सीचा पहिला गिअर ३.६५२, स्पिटफायरच्या सुरुवातीच्या मॉडेलांचा डिफरन्शिअल (मागच्या एक्सलचा गिअर) ४.११, गुणाकार १५. मूळ गाडीत तो १५.४ होता, म्हणजे उचल जवळपास तशीच. पाचवा ०.७९५ आहे. १५५ रुंदीच्या, १३ इंची टायरवर ३००० आरपीएमला गाडी ताशी सुमारे ९७ किलोमीटर धावते, जे चौथ्यात ७७ च भरतं. हेरल्डच्या काही जुन्या मॉडेलांत डिफरन्शिअल ४.८७५ चा आहे. तिथे पाचव्यात ३००० ला ८२ च्या आसपास मिळतात. टॉर्कची काळजी फार नको. मूळ इंजिन ९१ न्यूटन-मीटर देत होतं, त्यामुळे वाढ तेरा टक्क्यांचीच. पण सुरुवातीच्या मॉडेलांच्या हाफ-शाफ्टचे क्रॉस (वळत्या सांध्यातले जोड) लहान आहेत. ते नवे घालूनच पुढे जावं.

इंदूरहून महूची लष्करी छावणी हाकेच्या अंतरावर, आणि लष्कराने जिप्सी वर्षानुवर्षं वापरल्या. लष्कराच्या लिलावातल्या इंजिनांत जुनं कार्बोरेटरचं आठ व्हॉल्व्हचं इंजिनही सापडतं, म्हणून बाहेरून नुसतं 'जिप्सीचं' म्हणून उचलू नये. कंप्रेशन तपासावं: नव्या इंजिनाचं १४ किलो प्रति चौरस सेंटिमीटर, १२ च्या खाली नको आणि चार सिलिंडरमध्ये १ पेक्षा जास्त फरक नको. घेताना इंजिन, गिअरबॉक्स, ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक), न कापलेला पूर्ण वायरिंग हार्नेस, सगळे सेन्सर, अ‍ॅक्सिलरेटर पेडल आणि केबल, ऑक्सिजन सेन्सरसह मॅनिफोल्ड, आणि इमोबिलायझर असेल तर किल्ली व त्याचं मोड्यूल, हे सगळं एकाच गाडीचं घ्यावं. विक्रीची पावती इंजिन नंबरासह हवी. एक एक सेन्सर नंतर शोधत बसलं की इंजिनापेक्षा त्यांचाच खर्च जास्त होतो.

इंजिन बाहेर आहे तोवर टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, क्रँकची मागची ऑइल सील, क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग नवं टाकावं. नंतर सील, क्लच किंवा रिलीज बेअरिंगसाठी अख्खा गिअरबॉक्स परत खाली घ्यावा लागतो.

जुनं काढण्याआधी

गाडी सपाट फरशीवर चार स्टँडवर, पाणसळ लावून. डिफरन्शिअलच्या फ्लँजचा कोन, क्रँक पुलीच्या मध्याची जमिनीपासूनची उंची, गाडीच्या मध्यरेषेपासून इंजिनाचा डावा-उजवा सरक, आणि बंद बॉनेटखालची मोकळी जागा, हे सगळं वहीत लिहावं. मध्यरेषा ओळंब्याने फरशीवर उतरवून खडूने आखावी. त्यानंतर इंजिन-गिअरबॉक्स बाहेर. स्पिटफायरचं अख्खं पुढचं बॉनेट उघडतं, त्यामुळे हे काम चेन-पुलीवर दोघांत होतं.

काढण्यापूर्वी गाडी धर्मकाट्यावर नेऊन पुढचा आणि मागचा एक्सल वेगवेगळा तोलून घ्यावा. नवं इंजिन हलकं असल्याने गाडीचं नाक वर उठतं, आणि नाक उठलं की कॅम्बर व टो, म्हणजे चाकांचे कोन, बदलतात. किती वजन कमी झालं हे माहीत असेल तर स्प्रिंग अंदाजाने कापायची वेळ येत नाही.

इंजिन कुठे बसेल

मांडणीसाठी रिकामा ब्लॉक, हेड, संप (इंजिनाखालची तेलाची परात) आणि गिअरबॉक्सची केसिंग पुरते. भरलेलं इंजिन पन्नासदा वर-खाली करण्यात हात आणि रंग दोन्ही जातात. जिप्सीच्या वॉटर पंपावरचा मूळ पंखा काढून टाकावा. विजेचा पंखा लावायचाच आहे, आणि पुढे मोलाची जागा मोकळी होते.

अडचणीच्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली, संप आणि पुढचा क्रॉसमेंबर (चॅसिसची आडवी तुळई). संपचा खोल भाग क्रॉसमेंबर आणि स्टिअरिंग रॅकच्या मागे पडला पाहिजे. पडत नसेल तर संप कापून नवा आकार वेल्ड करावा, क्रॉसमेंबर कधीही कापू नये, कारण सस्पेन्शनचा सगळा भार तोच पेलतो. कापलेल्या संपात तेल मूळइतकंच, म्हणजे फिल्टरसह सुमारे ३.५ लिटर मावायला हवं. ऑइल पिकअप आणि तळ यांच्यात ८ ते १० मिलिमीटर अंतर ठेवावं; कमी झालं तर पंपाला तेल ओढता येत नाही, जास्त झालं तर वळणावर तो हवा ओढतो आणि बेअरिंग जातात.

दुसरी जागा बेल हाउसिंगची, म्हणजे क्लचभोवतीच्या केसिंगची. या चॅसिसच्या दोन्ही रेल गिअरबॉक्सपाशी एकमेकींजवळ येतात. तिसरी, स्टिअरिंग कॉलम. मूळ इंजिनाचे इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्ही डाव्या अंगाला, म्हणून उजवा अंग मोकळा होता. जिप्सीचं हेड क्रॉसफ्लो आहे. दोन अंगांना दोन मॅनिफोल्ड, त्यातला एक कॉलमच्या बाजूला येणारच. कॉलमपासून किमान २५ मिलिमीटर सोडावे. एक्झॉस्ट त्या बाजूला आला तर मध्ये पत्र्याचं दुहेरी कवच द्यावं आणि कॉलमचा रबर कपलर उष्णतेपासून वाचवावा. चौथी, बॉनेट. इनटेकवर आणि टायमिंग कव्हरवर कणकेचे गोळे ठेवून बॉनेट अलगद बंद करावं, उघडून दबलेल्या कणकेची जाडी मोजावी. २० मिलिमीटरपेक्षा कमी भरली तर इंजिन खाली किंवा मागे घ्यावं. रबरावरचं इंजिन झटक्यात इतकं सहज हलतं.

जागा पक्की झाली की गिअरबॉक्सच्या फ्लँजचा कोन आणि डिफरन्शिअलचा कोन जुळवावे. दोन्ही समांतर, आणि शाफ्टशी प्रत्येकी १ ते ३ अंशांचा फरक. शून्य अंशही वाईट. क्रॉसमधल्या सुया मग एकाच जागी घासत राहतात.

माऊंटचे ब्रॅकेट ५ मिलिमीटर प्लेटचे, त्रिकोणी आधार देऊन. चॅसिसला ते थेट वेल्ड करण्याऐवजी जुन्या माऊंटच्या भोकांना बोल्ट होतील असे बनवावे. जिथे वेल्डिंग टाळताच येत नाही तिथे आधी ३ मिलिमीटरची पट्टी लावावी, तिच्या कडा गोल ठेवाव्या. जुना पत्रा पातळ असतो आणि वेल्डच्या सरळ रेषेतच तो फाटतो. रबर जिप्सीचेच वापरावे. घट्ट पॉलियुरेथेन घातलं तर हँडल, आरसे, डॅशबोर्ड सगळं थरथरतं. वेल्डिंग चालू असताना ईसीयू गाडीत नको.

थंडावा

सर्वांत जास्त गाड्या इथे फसतात, आणि फसण्याचं कारण बहुतेकदा रेडिएटर लहान असणं हे नसतं. स्पिटफायरचं नाक खाली उतरतं. त्यामुळे रेडिएटरची वरची टाकी इंजिनाच्या थर्मोस्टॅट हाउसिंगपेक्षा खाली येते. हवा नेहमी सर्वांत वरच्या जागी जाते. म्हणजे ती हेडमध्येच अडकते. काटा शांत दिसतो, कारण सेन्सरभोवती पाणी नसून वाफ असते, आणि तेवढ्यात हेड वाकलेलं असतं.

उपाय एकच, हेडर टँक. सुमारे दीड लिटरची बंद टाकी फायरवॉलवर, सगळ्या पाण्याच्या मार्गात सर्वांत उंच. तिला तीन जोड: रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यातून ६ मिलिमीटरची नळी, थर्मोस्टॅट हाउसिंगच्या माथ्यावरून तशीच दुसरी, आणि टाकीच्या तळातून १९ मिलिमीटरची जाड नळी पंपाच्या ओढीच्या बाजूला. वरच्या बारीक नळ्यांतून हवा बाहेर येते, खालच्या जाड नळीतून पाणी परत जातं. ०.९ बारचं झाकण याच टाकीवर. रेडिएटरवर झाकण असेल तर त्या जागी बिनस्प्रिंगचं साधं बूच. खालची जाड नळी विसरून टाकी नुसत्या बारीक नळ्यांवर टांगली तर ती ओसंडते आणि इंजिन मात्र कोरडं पडत जातं.

रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमचा, जुन्या चौकटीत बसेल तितका मोठा. इंदूरच्या सांवेर रोडच्या औद्योगिक भागात पत्रा वळवणारे आणि अ‍ॅल्युमिनियमचं टिग वेल्डिंग करणारे मिळतात; माप न देता लाकडाचा किंवा पुठ्ठ्याचा साचा न्यावा. १२ ते १४ इंची पंखा कोरच्या मागे, हवा ओढणारा, संपूर्ण कोर झाकणाऱ्या पत्र्याच्या शीटवर. पंखा आणि कोर यांत २० मिलिमीटर ठेवले तर सगळ्या कोरमधून हवा येते. चिकटवला तर फक्त पंख्याच्या वर्तुळातून. रेडिएटरच्या दोन्ही कुशींना आणि वर पत्रा-रबर लावून फटी बुजवाव्या. मूळ गाडीत तिथे पुठ्ठ्याचे पडदे असायचे आणि बहुतेक गाड्यांत ते केव्हाच गळून पडलेले असतात. फट राहिली की हवा रेडिएटरमधून जाण्याऐवजी त्याला वळसा घालून जाते.

खालच्या होस पाइपात तारेची स्प्रिंग हवीच. वेग घेतला की पंपाच्या ओढीने साधा पाइप चिमटतो. हीटर नको असला तरी त्याची दोन तोंडं बूच मारून बंद करू नयेत, एकमेकांना जोडावी. थर्मोस्टॅट बंद असताना पाण्याला फिरायला वाट लागते. आणि थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला ऐकू नये. तो ८२ अंशांचा असतो आणि त्याच्याशिवाय इंजिन महामार्गावर थंडच राहतं. ईसीयू थंड इंजिन समजून जास्त पेट्रोल ओतत राहतो. पाण्यात ४० टक्के कूलंट, बाकी डिस्टिल्ड वॉटर. बोअरचं पाणी अ‍ॅल्युमिनियमच्या ब्लॉकला खातं आणि कोरमध्ये पांढरा थर धरतं.

पंखा ९५ अंशांना सुरू, ८८ ला बंद. ४० अँपिअरचा रिले, ३० चा फ्यूज, ४ चौरस मिलिमीटरची तार.

बिघाड ओळखायची खूण पक्की आहे. गर्दीत तापते पण मोकळ्या रस्त्यावर निवते, तर दोष पंख्याचा किंवा शीटचा. मोकळ्या रस्त्यावर तापते आणि गर्दीत ठीक, तर कोर अपुरा, फटी उघड्या, किंवा खालचा पाइप चिमटतोय. काटा अचानक चढून अचानक उतरतो, तर हवा. टाकीत बुडबुडे थांबतच नाहीत, तर हेड गॅस्केट. हेड काढून सरळपट्टीने पाहावं, ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त वाक असेल तर प्लेनिंग.

क्लच आणि शाफ्ट

स्पिटफायरचा क्लच हायड्रॉलिक, जिप्सीचा केबलचा. केबल ठेवणं सोपं वाटतं, पण या गाडीच्या पेडल बॉक्समधून ती सरळ उतरत नाही आणि वळणावर तुटते. हायड्रॉलिकच ठेवावं, पण जिप्सीचा फोर्क ओढला जातो आणि स्लेव्ह सिलिंडर ढकलतो, म्हणून सिलिंडर फोर्कच्या दुसऱ्या बाजूला उलटा बसवावा. माप असं काढावं: मास्टर सिलिंडर १५.९ मिलिमीटर व्यासाचा, त्याचा दट्ट्या २८ मिलिमीटर सरकला, आणि स्लेव्ह १९ मिलिमीटरचा, तर स्लेव्ह साडेएकोणीस मिलिमीटर सरकतो. फोर्कला किती सरक लागते ती आधी मोजून घ्यावी आणि त्याप्रमाणे स्लेव्हचा व्यास निवडावा. सरक जास्त झाली तर प्रेशर प्लेटच्या पाकळ्या वाकतात.

प्रॉपेलर शाफ्टला पुढे जिप्सीचा फ्लँज, मागे ट्रायम्फचा. डिफरन्शिअल चॅसिसला पक्का असल्यामुळे शाफ्टची लांबी चालताना जवळपास बदलत नाही, तरी इंजिन रबरावर हलतं म्हणून सरकता सांधा हवा. बसवल्यावर दोन्हीकडे २० मिलिमीटर सरक उरली पाहिजे. खरादवाल्याकडे वेल्डिंग झाल्यावर शाफ्ट मशीनवर बॅलन्स करून घ्यावाच. पाचव्यात इंजिन ४००० ला असताना शाफ्ट ५०३० आरपीएमने फिरत असतो, तोही दोन माणसांच्या मधोमध. बोगद्यात त्याभोवती एक जाड पट्टीचं कडं लावावं.

जिप्सीचं स्पीडोमीटर ट्रान्सफर केसवरून चालतं. तो तर आपण काढून टाकला! म्हणून फ्लँजच्या चार बोल्टांसमोर हॉल सेन्सर बसवावा, ४.११ च्या डिफरन्शिअलवर एका किलोमीटरला साधारण ९३४० पल्स येतात. इलेक्ट्रॉनिक स्पीडोमीटर त्यावर जुळवता येतं. ईसीयूलाही वेगाचा संकेत हवा असतो, आणि त्याला मूळ गाडीइतकेच पल्स मिळावेत म्हणून मध्ये छोटा कन्व्हर्टर घालावा. संकेतच दिला नाही तर सिग्नलपाशी पाय काढला की इंजिन बंद पडतं, आणि लोक महिनाभर थ्रॉटल बॉडी साफ करत बसतात.

पेट्रोल

कार्बोरेटरला बारीकसा दाब पुरायचा, इंजेक्शनला सुमारे ३ बार लागतो. मूळ टाकीत तळाला आडभिंती नसतात; वळणावर पेट्रोल एका बाजूला गेलं की पंप हवा ओढतो. टाकीतून साध्या कमी दाबाच्या पंपाने सव्वा लिटरची छोटी सर्ज टँक भरावी, तिच्या तळातून मोठ्या दाबाचा पंप, जास्तीचं पेट्रोल परत सर्ज टँकमध्ये, तिथून मुख्य टाकीत. ही टाकी डिकीत, प्रवाशांच्या जागेपासून पत्र्याने वेगळी. नळी इंजेक्शनच्या दर्जाची आणि ई२० पेट्रोल सोसणारी. जुनी रबरी नळी इथेनॉलने आतून सुटते आणि तिचे काळे कण इंजेक्टरच्या जाळीत अडकतात. क्लिपाही गोल कडांच्या. दातेरी क्लिप नळी कापते. पंपाचा रिले ईसीयूकडूनच चालवावा म्हणजे इंजिन बंद पडलं की पंप थांबतो, आणि त्याच तारेत धक्क्याने तुटणारा इनर्शिया स्विच घालावा.

वायरिंग

सुरुवातीच्या स्पिटफायरमध्ये बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असे. ते आधी तपासावं. तसंच ठेवून ईसीयू जोडला तर तो पहिल्याच किल्लीला जळतो. डायनॅमो जाऊन जिप्सीचा अल्टरनेटर येतो. पंखा १८, पंप ६, ईसीयू-इंजेक्टर-इग्निशन १०, दिवे १० अँपिअर, बेरीज ४४. साठ वर्षांपूर्वीच्या तारांवर हा भार टाकू नये. जुना हार्नेस फक्त दिवे, हॉर्न आणि वायपरला ठेवावा, इंजिनाचा हार्नेस पूर्ण वेगळा, स्वतःच्या फ्यूज पेटीसह. या गाडीची बॉडी चॅसिसवर रबरी पॅडांवर बसते, म्हणून इंजिन ते चॅसिस, चॅसिस ते बॉडी आणि बॅटरी ते इंजिन अशा तीन वेगळ्या अर्थ पट्ट्या हव्यात. अर्थ कमी पडला की स्टार्टरचा करंट अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल कवचात चिकटते.

ब्रेकबद्दल थोडक्यात: पुढे डिस्क असलेली स्पिटफायर मूळ ब्रेक चांगल्या स्थितीत असतील तर पुरते. चारही ड्रम असलेल्या हेरल्डला आधी पुढचे डिस्क बसवावे, मग इंजिनाचा विचार करावा. मागचे स्विंग एक्सल भर वळणात अचानक पाय सोडला की चाक आत दुमडतात. ताकद वाढली म्हणून ही खोड जात नाही.

पहिली किल्ली

प्लग काढून, इंजेक्टरचा फ्यूज काढून, स्टार्टरवर तेलाचा दाब येईपर्यंत इंजिन फिरवावं. मग पंप चालवून ३ बारला दहा मिनिटं एक एक जोड कोरड्या कागदाने पुसून पाहावा. पाणी भरताना गाडीचं नाक उंच, हीटरचा नळ उघडा, सर्वांत वरच्या जोडातून बुडबुडे थांबेपर्यंत. इंजिन सुरू झाल्यावर पंखा दोनदा सुरू होऊन दोनदा बंद होईस्तोवर जागचं हलू नये.

रस्त्यावरची चाचणी मे महिन्यात करावी, डिसेंबरमध्ये नव्हे. इंदूरला तेव्हा पारा ४२ च्या वर जातो, आणि तेव्हा जी गाडी टिकते ती वर्षभर टिकते. आधी संध्याकाळच्या गर्दीत राजवाड्याभोवती अर्धा तास. पंखा आणि शीट याची परीक्षा तिथेच होते. मग महूकडे आग्रा-मुंबई (एबी) रोडवर पंचवीस किलोमीटर एकाच वेगाने. शेवटी महूजवळच्या जानापाव डोंगराचा चढ, दुसऱ्या गिअरमध्ये: इंजिन जोरात फिरतंय आणि समोरून वारा जवळजवळ नाही. काटा १०० च्या आत राहिला तर थंडावा पुरेसा आहे. वर पोहोचल्यावर इंजिन लगेच बंद करू नये. दोन मिनिटं चालू ठेवावं, पंखा थांबला की किल्ली फिरवावी, आणि पूर्ण निवल्यावर हेडर टँकमधली पाण्याची रेघ पाहावी. ती खाली गेली असेल तर हवा बाहेर पडली आहे, तेवढं पाणी भरावं. असं दोनदा झालं तरी चालतं, तिसऱ्यांदा गळती शोधावी.

१०० किलोमीटरनंतर माऊंटचे, शाफ्टच्या फ्लँजचे आणि मॅनिफोल्डचे बोल्ट परत कसावे, ५०० ला तेल आणि फिल्टर बदलावं, आणि जुन्या तेलात बोट फिरवून चकाकी दिसते का ते उन्हात धरून बघावं.